दुसऱ्याच्या कातड्यात शिरताना : ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्पर लीची ही कादंबरी मी वाचनगटांत आणि कॉलेजच्या मुलांबरोबर बऱ्याचदा वाचली आहे. मंडळी बदलतात, प्रश्न फारसे बदलत नाहीत. त्यातला बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे असतो: दुसऱ्याचं मन जाणणं म्हणजे या पुस्तकात नेमकं काय, आणि त्याने कुणाचं भलं झालं? म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कादंबरी वाचलेली नाही. आधी गोष्ट सांगाल का?

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यात, मेकॉम नावाचं काल्पनिक गाव. काळ १९३३ ते १९३५, महामंदीचा. गोष्ट सांगते स्काउट फिंच. सुरुवातीला ती पुरती सहा वर्षांचीही नाही. थोरला भाऊ जेम, वडील अ‍ॅटिकस वकील (मुलं त्यांना चक्क नावाने हाक मारतात), आई वारलेली, घर आणि मुलं सांभाळणारी कृष्णवर्णीय कॅल्पर्निया. जवळच्याच एका घरात बू रॅडली राहतो. तो कधीच बाहेर दिसत नाही, म्हणून मुलांच्या लेखी तो भूतच. दुसरीकडे टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मेयेला यूएल या गोऱ्या मुलीवरच्या बलात्काराचा खोटा आरोप येतो आणि न्यायाधीश त्याचा खटला अ‍ॅटिकसकडे सोपवतात. टॉम निर्दोष आहे हे कोर्टात लख्ख दिसतं, तरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळताना तो गोळ्यांनी मरतो. मेयेलाचा बाप बॉब यूएल सूड म्हणून अ‍ॅटिकसच्या मुलांवर अंधारात हल्ला करतो आणि मुलांना वाचवायला येतो तो बू रॅडली.

शेवट सांगून टाकला, पण या पुस्तकाचं त्याने काही बिघडत नाही. पुस्तक आलं ११ जुलै १९६० रोजी. पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं.

कातड्यात शिरून फिरण्याचं ते प्रसिद्ध वाक्य कुठे येतं?

तिसऱ्या प्रकरणात. पोस्टरवर ते एकटंच छापलेलं असतं, त्यामुळे ते उपदेशासारखं वाटतं. पुस्तकात मात्र त्याच्याआधी एक अख्खा वाईट दिवस आहे, आणि तो पाहिल्याशिवाय त्या वाक्याला चव नाही.

स्काउटचा शाळेचा पहिला दिवस. नव्या बाई, मिस कॅरोलाइन, परगावच्या. वर्गात वॉल्टर कनिंगहॅम हा गरीब शेतकऱ्याचा पोरगा डब्याविना आलेला. बाई त्याला जेवणासाठी पंचवीस सेंट देऊ करतात, उद्या परत दे म्हणतात. तो घेत नाही. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की कनिंगहॅम लोक परत करता येणार नाही असं काही घेत नाहीत. बाईंना ते कसं ठाऊक असणार? स्काउट समजवायला जाते आणि हातावर पट्टी खाते. तिचा राग निघतो वॉल्टरवर, ती त्याचं नाक मातीत घासते. जेम मधे पडतो आणि वॉल्टरलाच घरी जेवायला बोलावतो.

जेवताना वॉल्टर काकवीसारखा पाक मागतो आणि भाजी, मांस, सगळ्यावर भरभरून ओततो. स्काउट मोठ्याने विचारते, हा हे काय करतोय? पोरगं शरमून मान खाली घालतं. कॅल्पर्निया स्काउटला स्वयंपाकघरात नेऊन झापते: आपल्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण पाहुणा, मग तो कुणी का असेना. तिथे बसता येत नसेल तर इथे स्वयंपाकघरात बसून जेव.

आणि संध्याकाळी ओसरीवर बसून अ‍ॅटिकस ते वाक्य बोलतो, की माणूस कळायचा तर गोष्टी त्याच्या बाजूने बघाव्या लागतात, त्याच्या कातड्यात शिरून फिरावं लागतं. म्हणजे पहिला धडा दुपारीच झालेला असतो आणि तो देते कॅल्पर्निया, जिला त्या गावात स्वतः गोऱ्यांच्या टेबलावर बसता येत नाही. अ‍ॅटिकसचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. कॅल्पर्नियाचं कुणी छापत नाही.

‘एम्पथी’ला मराठीत काय म्हणायचं? सहानुभूती की समानुभूती?

परीक्षेत समानुभूती लिहा, गुण जाणार नाहीत. सहानुभूती म्हणजे काठावर उभं राहून हळहळणं, समानुभूती म्हणजे पाण्यात उतरणं, असा भेद आता रूढ झालाय. कातड्यात शिरण्याच्या प्रतिमेला सर्वांत जवळचा आपला शब्द मात्र परकायाप्रवेश. गंमत म्हणजे आपल्या गोष्टींतला परकायाप्रवेश ही सिद्धी असते, योग्यांनाच जमते. अ‍ॅटिकस ती सहा वर्षांच्या मुलीला ‘सोपी युक्ती’ म्हणून सांगतो.

आपल्याकडे दोन म्हणी आहेत. एक म्हणते, ‘आपल्यावरून जग ओळखावं.’ अ‍ॅटिकस याच्या उलट सांगतो: आपल्यावरून ओळखू नकोस, त्याच्या जागी जाऊन बघ. दुसरी म्हण ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.’ ती अ‍ॅटिकसपेक्षा जास्त संशयी आहे. त्या कुळात जन्मल्याशिवाय कळणारच नाही, असं ती म्हणते. हे पुस्तक ‘वंश’ या शब्दाभोवतीच फिरतं, त्यामुळे ही म्हण हाताशी ठेवा, पुढे लागेल.

तुरुंगासमोरच्या जमावाला स्काउट परतवते ते कसं? ते पटत नाही.

अनेकांना पटत नाही. मलाही पहिल्या वाचनात जरा गोडगोड वाटलं होतं. पुन्हा वाचलं तेव्हा तिथली बारीक कारागिरी दिसली.

रात्री टॉमला मारायला माणसं जमली आहेत. दाराशी अ‍ॅटिकस एकटा, दिव्याखाली वाचत बसलेला. मुलं मधे घुसतात. स्काउटला धोका कळलेलाच नाही. ओळखीचा चेहरा शोधताना तिला वॉल्टरचे वडील दिसतात. समोरच्याला ज्यात रस त्याबद्दल बोलावं, एवढी रीत तिला माहीत. म्हणून ती त्यांना जमिनीच्या कज्जाबद्दल विचारते, त्यांच्या पोराबद्दल बोलते, त्याला माझा नमस्कार सांगा म्हणते. हाच माणूस वकिलाची फी म्हणून फिंचांच्या अंगणात सरपण आणि अक्रोडासारखी फळं आणून टाकायचा.

जमावाला तोंड नसतं. स्काउट त्यातल्या एकाला नाव देते, पोर देते, कज्जा देते. तो खाली वाकून तिचे खांदे धरतो, निरोप सांगेन म्हणतो आणि सगळ्यांना घेऊन निघून जातो. दुसऱ्या दिवशी अ‍ॅटिकस म्हणतो, तुम्ही पोरांनी त्याला क्षणभर माझ्या जागी उभं केलंत. लक्षात घ्या, ‘माझ्या जागी’. आत कोठडीत अंधारात बसलेल्या टॉमच्या जागी कनिंगहॅम त्या रात्री उभा राहत नाही. पुढे ज्यूरीत त्यांच्याच गोतातला एक जण टॉमला सोडावं म्हणून बराच वेळ अडून बसतो, एवढं खरं.

टॉमला नेमकी शिक्षा कशाची झाली?

कागदावर बलात्काराची. पण एकोणिसाव्या प्रकरणातली उलटतपासणी सावकाश वाचा.

टॉम येताजाता मेयेलाची कामं करायचा. जुनं कपाट फोडून दे, लाकडं आण, पाणी भर. पैसे घ्यायचा नाही. सरकारी वकील गिल्मर विचारतो, फुकट कशाला करायचास? टॉम सांगतो की घरात बाकीचे कुणी हातभार लावत नव्हते, ती एकटीच धडपडायची, मला तिची फार दया आली. गिल्मर तेच शब्द उचलतो: तुला? तिची? दया आली? आणि थांबतो. स्काउट म्हणते की साक्षीदाराला आपली चूक कळली, पण आता उशीर झाला होता.

माझ्या मते सगळी कादंबरी या जागेवर तोललेली आहे. मेकॉममध्ये दया ही वरून खाली वाहणारी गोष्ट आहे. गोऱ्याने काळ्याची करावी, श्रीमंताने गरिबाची करावी. काळ्या माणसाने गोऱ्या मुलीची कीव करायची म्हणजे तो तिच्याहून वरच्या पायरीवर उभा राहिला. टॉमचा डावा हात कापसाच्या यंत्रात सापडून लहानपणीच निकामी झालाय, मेयेलाला मार बसलाय तो उजव्या गालावर, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा, आणि बॉब यूएल कोर्टात सही करतो ती डाव्या हाताने. पुरावा इतका स्वच्छ आहे. ज्यूरीतले बारा गोरे पुरुष तो ऐकतात. त्यांच्या कानात मात्र ते एक वाक्य अडकून राहतं. (बाईमाणूस ज्यूरीत नाहीच. अलाबामात तेव्हा स्त्रियांना तिथे बसायची मुभा नव्हती.)

अ‍ॅटिकस मुलीला जे करायला शिकवतो, तेच टॉमने केलेलं असतं. तो मेयेलाच्या कातड्यात शिरलेला असतो.

मग मेयेलाबद्दल आपल्याला काय वाटायला हवं?

‘हवं’ असं काही नाही. तिने खोटी साक्ष देऊन एका माणसाचा जीव घेतला. तरी ली तिला सोपी खलनायिका होऊ देत नाही. गावच्या उकिरड्यामागचं यूएलांचं घर, अंगणात नुसती अडगळ, आणि एका कोपऱ्यात कडेने मांडलेली टवके उडालेली सहा भांडी. त्यांत लालभडक जिरॅनियमची झाडं, काळजीने निगा राखलेली. ती मेयेलाची, असं लोक म्हणतात. घराचं एवढं एकच वर्णन वाचलं तरी पोरगी कळते.

कोर्टात अ‍ॅटिकस तिला ‘मिस मेयेला’, ‘मॅम’ म्हणतो. ती भडकते, हे माझी टिंगल करतात म्हणते. न्यायाधीश समजावतात की ते सगळ्यांशी असंच बोलतात. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी अहो-जाहो केलेलंच नाही, त्यामुळे आदर कानावर पडला तरी तो चेष्टेसारखाच वाटतो. मित्रमैत्रिणींबद्दल विचारलं तर प्रश्नच तिच्या डोक्यात शिरत नाही. आणि टॉम सांगतो ते खरं मानलं, तर भावंडांना आइस्क्रीम खायला पाठवून घर रिकामं मिळावं म्हणून या मुलीने वर्षभर सात नाणी साठवली होती. एका माणसाजवळ जावं एवढ्यासाठी वर्षभर!

टॉमलाही हे दिसलं होतं. बारकाईने वाचणाऱ्यालाही दिसतं. मेयेला मात्र टॉमकडे बघत नाही. आपण कुणाच्या जिवाशी खेळतोय याचा विचार तिला परवडण्यातला नाही, कारण साक्ष संपली की त्याच बापाच्या घरी परत जायचंय.

समजून घेणं म्हणजे माफ करणं का?

पुस्तक तसं म्हणत नाही. उलट समजून घेण्यात चूकही होते, हे ते दाखवतं.

खटल्यानंतर बॉब यूएल भर रस्त्यात अ‍ॅटिकसच्या तोंडावर थुंकतो. मुलं घाबरतात. अ‍ॅटिकस जेमला म्हणतो, जरा त्याच्या जागी उभा राहून बघ. कोर्टात मी त्याची उरलीसुरली पत घालवली. माझ्यावर थुंकून मेयेलाचा एक मार चुकला असेल तर मला चालेल. हे थोर आहे. आणि साफ चुकलेलं आहे. त्याचा राग एवढ्याने निवला असेल हा अ‍ॅटिकसचा अंदाज, आणि थोड्याच महिन्यांत तोच यूएल सुरी घेऊन पोरांच्या मागे येतो.

सज्जन माणूस दुसऱ्याच्या कातड्यात शिरतो तेव्हा आपलं सज्जन मन बरोबर घेऊनच शिरतो. अ‍ॅटिकसला द्वेष करता येत नाही, म्हणून द्वेष किती लांब जातो हेही त्याला दिसत नाही. लीने हे मुद्दाम केलंय की ओघात झालंय, यावर आमच्या गटात एकदा चहा थंड होईपर्यंत वाद झाला होता.

मिसेस ड्युबोसचं प्रकरण कशासाठी आहे?

शिव्या देणाऱ्या शेजारणीच्या बागेची जेम नासधूस करतो, शिक्षा म्हणून महिनाभर तिला पुस्तक वाचून दाखवतो. ती मेल्यावर कळतं की ती मॉर्फिनचं व्यसन सोडून मरायच्या हट्टाला पेटली होती आणि वाचन हे त्यासाठी वेळ काढायचं साधन होतं. अ‍ॅटिकस याला धैर्य म्हणतो. मला हे प्रकरण जरा शिकवणीच्या वळणाचं वाटतं. कॅमेलियाची फुलं तेवढी लक्षात राहतात.

बायकांच्या चहापार्टीचं प्रकरण गाळलं तर चालेल?

चुकूनही गाळू नका. चोविसावं प्रकरण. चर्चच्या मिशनमंडळाच्या बायका फिंचांकडे जमल्यात. आफ्रिकेतल्या मरूना जमातीच्या हालांनी मिसेस मेरीवेदर यांचे डोळे पाणावतात. त्याच दमात त्या आपल्या काळ्या मोलकरणीची तक्रार करतात: टॉमच्या निकालानंतर ती हिरमुसलेली असते, असं तोंड पाडलेलं घरात चालवून घेणार नाही.

तेवढ्यात अ‍ॅटिकस स्वयंपाकघरात येऊन सांगतो की टॉम मेला, अंगात सतरा गोळ्या होत्या. कॅल्पर्नियाला घेऊन तो टॉमच्या बायकोला कळवायला जातो. बाहेर पार्टी चालूच. अलेक्झांड्रा आत्या आणि शेजारीण मिस मॉडी चेहरे सावरतात, स्काउट बिस्किटांचं ताट घेऊन त्यांच्या मागे जाते.

दोन प्रकरणांनी शाळेतल्या मिस गेट्स हिटलरने चालवलेल्या ज्यूंच्या छळाबद्दल कळवळून बोलतात, फळ्यावर ‘लोकशाही’ लिहितात. याच बाई खटल्याच्या दिवशी काळ्यांबद्दल ‘यांना एकदा धडा शिकवायलाच हवा होता’ म्हणताना स्काउटने ऐकलेल्या असतात. दूरच्याची कणव फुकटात होते. जवळच्याची करायची तर घरातल्या मोलकरणीचा पगार, खुर्ची, चेहरा सगळंच मधे येतं.

यात काळ्या माणसांचं मन कितपत दिसतं?

कमी. या पुस्तकावरचा सर्वांत सबळ आक्षेप हाच आहे आणि मला तो मान्य आहे. आपण स्काउटबरोबर बू रॅडलीच्या ओसरीवर उभे राहतो, मेयेलाच्या फुलझाडांपर्यंत जातो. टॉमच्या घरात मात्र एकदाही शिरत नाही. टॉम आपल्याला दिसतो तो गोऱ्यांच्या कोर्टात, गोऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देताना. कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते ते बारावं प्रकरण मोठा अपवाद. तिथे ती वेगळी बोली बोलते. स्तोत्रांची पुस्तकं नसल्याने एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात, टॉमच्या बायकोसाठी दहा डॉलर जमेपर्यंत रेव्हरंड साइक्स दार उघडू देत नाहीत. एक बाई तर गोरी पोरं इथे का आणलीस म्हणून हटकते. तिचा राग एका पानात संपतो. तो अजून थोडा ऐकायला हवा होता.

२०१८ साली ब्रॉडवेवर आलेल्या नाटकात अ‍ॅरन सॉर्किनने कॅल्पर्नियाला अ‍ॅटिकसशी वाद घालू दिला, तो याच उणिवेपोटी. आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पण आधी लिहिलेल्या लीच्याच ‘गो सेट अ वॉचमन’ या कादंबरीत म्हातारा अ‍ॅटिकस वंशभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या बैठकीत बसलेला दिसला तेव्हा जगभरचे वाचक दुखावले. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या शाळांनी २०१७ मध्ये मॉकिंगबर्ड आठवीच्या पाठांतून काढलं, त्याचं कारण वेगळं होतं: त्यातल्या शब्दांनी काही लोक अस्वस्थ होतात.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. कळवळ्याने आमच्याबद्दल लिहिलेलं पुरे, आमचं आम्ही सांगतो, हा दलित लेखकांचा आग्रह म्हणजे ‘जावे त्याच्या वंशा’चाच रोकडा अर्थ. ‘बलुतं’ वाचून मग मॉकिंगबर्ड उघडलं, तर टॉमच्या गप्प राहण्याचा आवाज जास्त ऐकू येतो.

गोष्ट खरी आहे का?

टॉमचा खटला काल्पनिक आहे, माती खरी आहे. ली १९२६ साली अलाबामातल्या मन्रोव्हिल गावी जन्मली. वडील वकील. त्यांनी १९१९ मध्ये खुनाच्या खटल्यात दोन कृष्णवर्णीय आरोपींची बाजू मांडली होती, दोघेही फासावर गेले. ती पाच वर्षांची होत होती तेव्हा, १९३१ मध्ये, त्याच राज्यात स्कॉट्सबरोचं प्रकरण घडलं: नऊ काळी मुलं, आगगाडीत बलात्काराचा खोटा आरोप, पहिल्या फेरीत आठांना मृत्युदंड. शेवटी त्यांतल्या कुणालाही फाशी झाली नाही, पण वर्षंच्या वर्षं तुरुंगात गेली. स्काउट-जेमचा दोस्त डिल हे पात्र बेतलं आहे लीच्या शेजारच्या मुलावर, म्हणजे पुढे लेखक झालेल्या ट्रूमन कपोटीवर.

शेवटी स्काउटला बू कळतो का?

पुरता नाही, आणि तिथेच शेवट सुंदर झालाय. ती बूला घरी सोडायला जाते. लहान मुलाला न्यावं तसं नाही. शेजारणींनी खिडकीतून पाहिलं तर त्यानेच हिला हात दिलाय असं दिसावं, म्हणून ती त्याला कोपर वाकवायला लावते आणि त्यात हात अडकवते. मग तो आत जातो, दार बंद होतं. ती ओसरीवर उभी राहून वळते आणि आपली गल्ली पहिल्यांदा त्याच्या बाजूने बघते: उन्हाळा, पानगळ, रस्त्यात खेळणारी दोन पोरं. त्याची पोरं. झाडाच्या ढोलीत च्युइंगगम, नाणी, साबणाच्या बाहुल्या ठेवणारा तो किती वर्षं हेच बघत होता! ती आत डोकावत नाही, त्याला पुन्हा कधी भेटतही नाही. ओसरीवर उभं राहणं पुरेसं होतं, असं ती म्हणते.

सिनेमा पाहिला तर पुस्तक वाचायला हवं का?

१९६२ चा सिनेमा चांगला आहे, ग्रेगरी पेकला त्यासाठी ऑस्कर मिळालं. पण त्यात चहापार्टी नाही, कॅल्पर्नियाचं चर्च नाही. वेळ अगदीच नसेल तर पंचविसावं प्रकरण तेवढं वाचा, चार-पाच पानांचं आहे. सुरुवातीला स्काउटला अंगाची गोळी करून घेणारा एक किडा सापडतो. ती त्याला चिरडायला हात उगारते. जेम म्हणतो, नको, त्याला बाहेर पायरीवर सोड. का? तर तो तुला काही करत नाही म्हणून. ती कुरकुरत सोडते. पुढच्याच पानावर, टॉम गेल्याचं कळवायला माणसं आलेली पाहून त्याची बायको हेलन अंगणात कशी कोसळली ते डिलच्या तोंडून येतं: मातीत पडली, जसं एखाद्या राक्षसाने येऊन तिच्यावर पाय ठेवला. मुंगीवर ठेवावा तसा.